श्रद्धेला टेकू कशाला?

गोव्यातल्या ख्रिस्ती श्रद्धेवर वाद निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, ही श्रद्धा पोर्तुगिजांच्या तलवारीने आली आणि त्यांच्या सवलतींवर पोसली गेली. दुसरी बाजू चिडते आणि पुरावे मांडू लागते: आमच्या शाळा बघा, इस्पितळे बघा, विद्वान पाद्री बघा, प्रार्थनेने बरे झालेले आजारी बघा. मते अगदी उलट, पण दोन्हींच्या तळाशी समजूत एकच आहे. श्रद्धा माणसाने उभ्या केलेल्या कशाच्या तरी आधारावर टिकते. तो आधार चांगला निघाला तर ती खरी, वाईट निघाला तर खोटी, असे दोघेही धरून चालतात. मी मराठी बोलणारी ख्रिस्ती बाई आहे, गोव्यात राहते, आणि मला ही समजूत मुळातच मान्य नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा आधार देवाचे सामर्थ्य आहे. माणसाने तिला दिलेला प्रत्येक टेकू, मग तो राजसत्तेचा असो, वक्तृत्वाचा, कुळाचा किंवा जाहिरात केलेल्या चमत्काराचा, तिला दुबळी करतो. गोव्याचा इतिहास नीट वाचला तर तोही हेच सांगतो.

हे मूळ म्हणणे पौलाचे, ख्रिस्ताच्या सुरुवातीच्या प्रेषिताचे, ज्याची पत्रे बायबलमध्ये आहेत. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की तुमचा विश्वास माणसांच्या ज्ञानावर उभा राहू नये, देवाच्या सामर्थ्यावर उभा राहावा. हे वाक्य आपल्याकडे उपदेशात फार वापरले जाते, आणि बहुतेक वेळा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी वापरले जाते. म्हणून ते कोणाला आणि का लिहिले गेले, ते आधी पाहिले पाहिजे.

करिंथ हे ग्रीसमधले दोन बंदरांचे शहर होते. व्यापारी, खलाशी, मुक्त झालेले गुलाम, रोमन अधिकारी, सगळ्यांची तिथे सरमिसळ. पैसे घेऊन भाषणकला शिकवणाऱ्यांना अशा शहरांत मोठा मान असे. पौल तिथे इ. स. 50 च्या सुमारास आला, तंबू शिवून पोट भरत दीड वर्ष राहिला. त्याआधी अथेन्समध्ये त्याने ग्रीक कवींची वचने घेऊन विद्वानांपुढे भाषण केले होते. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, मोजक्यांनी विश्वास ठेवला. करिंथमधून तो गेल्यावर मंडळीत तट पडले. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोचा, कोणी केफाचा. अपुल्लो मोठा वक्ता होता. म्हणजे लोक उपदेशकांची तुलना करू लागले होते, आणि ज्याचे बोलणे जास्त भारदस्त त्याचा ख्रिस्त जास्त खरा असे होऊ लागले होते.

त्यावर पौल स्वतःची वकिली करत नाही. मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेलो होतो, थरथरत होतो, असे तो लिहितो. त्याचे विरोधकही हेच म्हणत: पत्रे वजनदार, पण समोर उभा राहिला तर माणूस किरकोळ, बोलणे तर कवडीमोल. हा आरोप तो खोडून काढत नाही. आपल्याजवळ सांगण्यासारखे एकच होते असे तो म्हणतो, वधस्तंभावर मारला गेलेला ख्रिस्त. रोमन राज्यात ती शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना होती, रोमन नागरिकाला सहसा ती देत नसत. अशा रीतीने मेलेल्या माणसात देवाचे सामर्थ्य आहे, हे ग्रीकांना मूर्खपणाचे वाटे आणि चिन्ह मागणाऱ्या यहुद्यांना अडखळण. पौलाच्या लेखी सामर्थ्याची व्याख्या तिथे होते. सैन्य, बहुमत, टाळ्या किंवा गर्दी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. सगळे मानवी आधार काढून घेतल्यावर जे उरते आणि माणसाला उभे करते, त्याला तो देवाचे सामर्थ्य म्हणतो.

आता गोव्याकडे पाहू. इथे मला ख्रिस्ती वाचकांशी आधी बोलायचे आहे, कारण आपण या इतिहासाच्या कडेकडेने चालतो. 1510 मध्ये गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आफोंस द आल्बुकेर्क आला, 1542 मध्ये जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाचा धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर. झेवियर गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवत फिरे आणि मुलांना, गुलामांना गोळा करून शिकवण देई. त्याच झेवियरने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, हवे असे कळवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आपल्याला दोन्ही सांगता आल्या पाहिजेत. 1560 साली इन्क्विझिशन सुरू झाले, मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत चालले. त्याच काळात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, फोंड्याच्या बाजूला नेली. देवळे पडली, तरी त्यांची भक्ती मोडली नाही. मी ख्रिस्ती म्हणून हे आदराने लिहिते. राजाच्या हुकमाने कोणाच्या मनातला देव बदलत नाही, हे त्या लोकांनी आपल्याला आपल्याच इतिहासात दाखवून दिले.

1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. चर्च त्यांना हुतात्मे मानते, आणि ते स्वतः शस्त्र न धरता मेले हेही खरे. पण त्याआधी त्या गावांतली देवळे पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केली होती, आणि नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. शुभवर्तमान एकदा शिपायांच्या मागून चालू लागले की त्याच्या साक्षीदारांचे रक्त आणि शिपायांनी सांडलेले रक्त वेगळे ओळखता येत नाही. राजसत्तेच्या टेकूने श्रद्धेचे नुकसान होते असे मी म्हणते ते यासाठी.

आणि ती सत्ता तरी श्रद्धेशी इमान राखून होती का? 1759 मध्ये पोर्तुगालनेच जेझुइटांना हाकलले. 1834 च्या सुमारास तिथल्या उदारमतवादी सरकारने सगळेच संन्यासी संघ बंद केले, मठ रिकामे झाले, मालमत्ता सरकारजमा झाली. जुन्या गोव्याच्या मोंत सांतो टेकडीवरचे संत ऑगस्टिनचे प्रचंड चर्च ओस पडले, 1842 मध्ये त्याचे छत कोसळले, पुढे मनोऱ्याचा मोठा भाग गेला. आज पर्यटक तिथे फोटो काढतात. तो मनोरा पाहताना पोर्तुगिजांच्या वैभवाची हळहळ मला कधी वाटली नाही. राजाच्या तिजोरीतून जे उभे राहिले ते राजाच्या एका कागदाने गेले. जे त्या तिजोरीतून आले नव्हते ते राहिले: वाड्यावाड्यांवरच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) संध्याकाळी म्हटली जाणारी लदीन ही प्रार्थना, घरातला तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आजीने नातवाच्या कपाळावर काढलेला क्रूस. गोऱ्या संन्याशांनंतर गावोगावच्या स्थानिक पाद्रींनी लोकांना सांभाळले. 1961 मध्ये पोर्तुगीज झेंडाही उतरला, आणि 2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 25 टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती लिहिला. पहिल्या बाजूच्या मित्रांना माझा प्रश्न एवढाच आहे: तलवार म्यानात जाऊन इतकी वर्षे झाली, सवलती गेल्या, मग ही माणसे रविवारी पहाटे कशासाठी उठतात? सवयीने, ओळखीपोटी, काहीजण तसे असतील. सगळ्यांचे उत्तर तेवढ्यात संपत नाही.

राजसत्तेशिवाय श्रद्धा कशी चालते याचे गोव्यातच एक उदाहरण आहे, आणि ते आपण पुरेसे सांगत नाही. जुझे वाझ. 1651 मध्ये बाणावलीला जन्मलेला, सांकवाळच्या घराण्यातला पाद्री. श्रीलंकेचा किनारा तेव्हा डच कॅल्विनिस्टांच्या, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांच्या, ताब्यात होता. त्यांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती, चर्चे ताब्यात घेतली होती. 1687 मध्ये वाझ तिथे उतरला तो मजुराच्या वेषात, बरोबर एक सेवक, अंगात हगवणीने त्राण उरलेले नाही. पाठीशी ना राजा, ना गलबत, ना पैसा. गळ्यात जपमाळ घालून तो भीक मागत दारोदार फिरे. ती माळ पाहून कोणाचे डोळे चमकले तर ते घर आपले, एवढीच त्याची यंत्रणा. बेटाच्या आतल्या भागातल्या कँडीच्या राज्यात त्याला पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकले. तिथल्या बौद्ध राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने, पुढे त्याला मोकळे केले आणि संरक्षणही दिले.

वाझची गोष्ट सांगताना बहुतेक लोक दुष्काळात त्याच्या प्रार्थनेने पडलेल्या पावसापाशी थांबतात. मला 1697 मधली देवीची साथ जास्त मोलाची वाटते. लोक आपल्याच घरच्या आजाऱ्यांना टाकून पळत होते, आणि हा माणूस आपल्या सोबत्यांसह त्यांना शोधून धूत होता, भरवत होता, मेलेल्यांना पुरत होता. पाऊस योगायोग होता की नाही यावर वाद घालता येतो. या दुसऱ्या गोष्टीवर वाद घालायला जागाच नाही, आणि पौल ज्याला सामर्थ्य म्हणतो ते मला इथे डोळ्यांना दिसते. वाझ गोव्याला परत आला नाही. 1711 मध्ये कँडीला वारला. झेवियरचा देह चांदीच्या पेटीत आहे आणि दर दहा वर्षांनी लाखो लोक दर्शनाला येतात. वाझचे अवशेष कधी सापडलेच नाहीत. 2015 मध्ये कोलंबोत त्याला संत म्हणून जाहीर केले गेले.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो गंभीर आहे. श्रद्धा माणसाच्या ज्ञानावर उभी नाही असे म्हटले की विचार करायची गरजच उरत नाही, मग अंधश्रद्धेला मोकळे रान. तसे होत असते तर हा लेख लिहायची माझी हिंमत झाली नसती. पौल त्याच पत्रात सांगतो की समजुतीने लेकरांसारखे राहू नका, प्रौढ व्हा. पंधराव्या अध्यायात तो पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी देतो आणि मुद्द्यामागून मुद्दा मांडतो. बुद्धीने श्रद्धा तपासावी, समजावून सांगावी, तिच्यातले भ्रम काढावेत. श्रद्धेचा भार मात्र बुद्धीवर टाकू नये, कारण आजच्या युक्तिवादाला उद्या त्याहून वरचढ युक्तिवाद भेटतो.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य मला या बाबतीत फार शिकवते. संस्कृतात त्यांची बरोबरी करणारे कमी; कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही विचार करून, आणि नंतर तिथल्या धर्मगुरूंशी, भगिनींशी सिद्धांतांवरून निर्भीड वाद घातले. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे लागली. पण तो सापडल्यावर त्यांनी विद्या टाकून दिली नाही. केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांना सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. गोव्यातही असे उदाहरण आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये इथे आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले, ते 1616 मध्ये राशोलला छापले गेले. त्या जुन्या छापील प्रती आज उरल्या नाहीत. लोकांनी हाताने नकलून ठेवलेल्या पोथ्यांनी ग्रंथ वाचवला. विद्या अशी श्रद्धेच्या सेवेत असली तर तिचे भयही नाही आणि मिरवणेही नाही.

सामर्थ्याच्या नावाने आज जे चालते त्याबद्दल मात्र मला संताप आहे. मोठा मंडप, ध्वनिक्षेपक, व्यासपीठावर एकामागून एक उभे केले जाणारे बरे झालेले लोक, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती. वास्को, म्हापसा, फोंडा अशा ठिकाणी आमच्यासारखी मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत, इथली मोठी कॅथलिक चर्चे आम्हाला भाषेने आणि रीतीने थोडी परकी, आणि त्यामुळे आमची माणसे अशा सभांकडे चटकन ओढली जातात. मी आजाऱ्यासाठी प्रार्थना करते, देव बरे करतो असे मानते. पण मधुमेहाची गोळी बंद कर, डॉक्टरकडे गेलास तर विश्वास कमी पडला, असे सांगणारा देवाचे नव्हे, स्वतःचे सामर्थ्य विकत असतो. चमत्काराने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा देशात 1954 पासून आहे. ख्रिस्ती माणसाने त्याला छळ म्हणू नये. पौलाच्या स्वतःच्या शरीरात एक काटा होता. तो जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, अशक्तपणातच सामर्थ्य पूर्णतेला येते, हे उत्तर त्याला मिळाले. ज्या मंडपात या न बरे झालेल्या पौलाला साक्ष द्यायला जागा नाही, तिथे त्याचे वाक्य फलकावर लिहिण्याचा हक्क कोणाला नाही. पाळकांनी हे उघड बोलले पाहिजे. आजवर त्यांतले फार थोडे बोलले आहेत.

राजकारण्यांबद्दल थोडक्यात: फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, पुढच्या बाकावर आमदार, कंपाउंडच्या भिंतीसाठी त्याचा निधी, आणि निवडणुकीत त्याची परतफेड. 1834 चा धडा इतक्या लवकर विसरता येतो हे आश्चर्य आहे.

आमच्या घराण्यांना एक टोमणा कायम ऐकावा लागतो. आमचे पूर्वज नगर जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. दुष्काळात मिशनने धान्य दिले म्हणून तुम्ही बाटलात, असे लोक तोंडावर म्हणतात. धान्य मिळाले होते, ते मी नाकारत नाही. भुकेल्याला खायला देणे हे ख्रिस्ताचेच काम. पण ते धान्य दोन-तीन हंगामांत संपले. पुढे स्वतंत्र भारतात 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, नंतर शीख आणि बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. म्हणजे आमच्या लोकांना ख्रिस्ती राहण्याची किंमत मोजावी लागते, आणि तीन-चार पिढ्या ती मोजत आल्या आहेत. पोटासाठी धरलेली श्रद्धा पोटावर पाय येत असताना कोण टिकवून ठेवील? पौलाने करिंथकरांना आठवण दिली होती की तुमच्यात फार ज्ञानी नाहीत, फार बलवान नाहीत, फार कुलीन नाहीत. जगातल्या हीनदीनांना देवाने निवडले. आमच्या आजोबा-पणजोबांनी हे वाक्य ऐकले तेव्हा त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

म्हणूनच गोव्यातला जातीचा टेकू मला सर्वांत जास्त सलतो. राजसत्ता गेली, पण हा राहिला. ज्या जुझे वाझबद्दल मी वर इतक्या आदराने लिहिले, त्याच्या गोव्यातल्या ओरेटरी नावाच्या पाद्रींच्या संघात प्रवेश ब्राह्मण कुळातल्यांनाच होता. युरोपीय संघ स्थानिकांना घेत नाहीत म्हणून स्थानिकांनी आपला संघ चालवला, आणि त्याने तीच भिंत पुढच्या माणसासमोर बांधली. आजही बामण, चारडे, सुदीर हे जातींचे शब्द लग्न ठरवताना कॅथलिक घरांत बोलले जातात, जाहिरातींत छापले जातात. काही गावांत कॉन्फ्रारियांचे, म्हणजे चर्चचे सण चालवणाऱ्या मंडळांचे, सभासदत्व आणि फेस्ताचा मान यांवर ठरावीक घराण्यांचा हक्क चालत आला आहे, आणि कुंकळ्ळीत फेस्तावरून गावकार (गावच्या मूळ घराण्यांतले) आणि बिगर-गावकार यांच्यात झालेले भांडण सगळ्या गोव्याला ठाऊक आहे. आम्ही मराठी प्रोटेस्टंट यातून सुटलो आहोत असे कोणी समजू नये. आमच्याकडेही कोण कुठल्या जातीतून आला हे सोयरीक करताना बरोबर आठवते.

ख्रिस्ती दलितांना सवलती मिळाव्यात म्हणून आपले बिशप, आपल्या परिषदा दिल्लीला निवेदने देतात, आणि ते योग्यच आहे. त्या निवेदनांत लिहिलेले असते की धर्म बदलला तरी जात सुटत नाही. मग जी इगर्ज (चर्च) फेस्ताचा मान कुळावरून ठरवते, तिने हे निवेदन सहीसाठी समोर आल्यावर काय करावे? माझ्या मते जिथे असा हक्क चालतो तिथे बिशपांनी फेस्त थांबवावे, एक वर्ष, दोन वर्षे, लागतील तेवढी. गर्दी कमी होईल, देणग्या आटतील, काही घराणी रागावतील. त्याला घाबरायचे असेल तर आपली श्रद्धा त्या घराण्यांवर उभी आहे हे मान्य करावे लागेल. करिंथमध्येही श्रीमंत आधी जेवून घेत आणि उशिरा पोचणारे गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांची समजूत घातली नाही, परंपरेचा मान राखा असेही म्हटले नाही. अकराव्या अध्यायात त्याने सरळ लिहिले की तुम्ही एकत्र जमून जे खाता ते प्रभुभोजन नव्हे.